हिशेब चुकता, मान शाबूत

दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी संध्याकाळी वस्तीतला एक तरुण घरी आला. जयभीम झाला, खुर्चीवर बसला, पण चहा पुढे आला तरी कपाला हात लावीना. आमच्या घरी माणसे येतात ती बहुतेक कागदासाठीच येतात. कुणाला जातीच्या दाखल्याचा अर्ज हवा असतो, कुणाला फंडाचा फॉर्म भरून हवा असतो, कुणाला तहसीलदारांना निवेदन द्यायचे असते. म्हणून आम्हीच विचारले, "कागद कसला आहे?"

तो म्हणाला, "काका, एका माणसाला कामावरून कमी करायचंय. असा कागद लिहून द्या, की उद्या त्यानं केस केली तरी मी सापडलो नाही पाहिजे."

या मुलाचा आम्हांला अभिमान आहे, हे आधी सांगितले पाहिजे. आयटीआय करून जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये तो तीन वर्षे ठेकेदाराकडे हेल्पर होता. भट्टीसमोर उभे राहून त्याने अंगावरचे कातडे भाजून घेतले. पुढे उसनवारी आणि बँकेचे कर्ज करून त्याने औद्योगिक वसाहतीच्या अंगाला पत्र्याचे शेड टाकले. गेट, ग्रिल, शटर अशी कामे घेतो. आज त्याच्याकडे सात माणसे कामाला आहेत. ज्याच्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या हजेरीवर अंगठा लावला, त्याचा मुलगा आज हजेरीची वही स्वतःच्या कपाटात ठेवतो. पण वही कपाटात आली, की तिच्यासोबत दुसऱ्याचे पोटही आपल्या हातात येते, आणि ते कसे सांभाळायचे हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

"माणूस कोण?" आम्ही विचारले. त्याने नाव सांगितले तेव्हा आमच्याही हातातला कप थांबला. हा माणूस शेडमधला सर्वांत जुना कारागीर. वस्तीत सगळे त्यांना मामा म्हणतात. शेड उभे राहिले त्या महिन्यापासून ते तिथे आहेत. वेल्डिंगचा टाका कसा सरळ धरायचा हे या मालकालाच त्यांनी शिकवले. आता वय झाले, नजर कमी झाली, टाका वाकडा जातो, गिऱ्हाईक माल परत पाठवते. शिवाय हातात कामेही कमी झाली आहेत. जालन्यात लोखंडाचा बाजार बसला, की आधी भट्ट्या थंडावतात आणि मग आमच्या वस्तीतल्या चुली.

"मग अडचण कुठे आहे?"

तो जरा खाली बघत म्हणाला, "एक ओळखीचा आहे, तो म्हणतो, चोरीचं लिही. नाहीतर कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेव, वर राजीनामा टाईप करता येतो."

"मामांनी चोरी केली का?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "दोनदा पिऊन आले होते."

"कधी?"

"एकदा तीन वर्षांपूर्वी. एकदा मागच्या दिवाळीला."

"तेव्हा काही लिहून दिलं होतंस?"

"नाही."

आम्ही त्या दिवशी कागद लिहून दिला नाही. पुढच्या रविवारी ये म्हणालो. तो नाराज होऊन गेला. आमच्या सौभाग्यवतींनी आम्हांलाच सुनावले, की पोरगा आशेने आला होता. पण आमच्या डोळ्यांपुढे दुसराच एक माणूस उभा होता.

१९९१ साल असेल. आमचे वडील एका जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात कापसाच्या गाठी, एरवी गोदामात पडेल ते काम, अशी अकरा वर्षे झाली होती. एके दिवशी सकाळी फाटकावर वॉचमनने सांगितले, "तुला आत सोडायचं नाही, शेठनं सांगितलंय." एवढेच. कारण नाही, कागद नाही, हिशेब नाही. मागे पंचवीस-तीस माणसे उभी होती, ती सगळी ऐकत होती. वडील घरी आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढचे नऊ दिवसही नाही. म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, मोंढ्यात कुठेतरी बसायचे, डबा खायचे आणि संध्याकाळी वेळेवर घरी यायचे. दहाव्या दिवशी पगाराची तारीख आली, तेव्हा आईला कळले. आई पैशासाठी रडली नाही. "नऊ दिवस तुम्ही मला सांगितलं नाही," यासाठी रडली. त्या जिनिंगने वडिलांचे किती रुपये बुडवले याचा हिशेब आम्ही पुढे बी.कॉम. झाल्यावर मांडून पाहिला होता. ते नऊ दिवस मात्र कोणत्याही रकान्यात बसत नव्हते.

तेव्हा आपण सगळे फाटकाच्या एकाच बाजूला होतो. आज आपल्यातले काही जण आत टेबलामागे बसतात. कुणाचे शिवणकामाचे दुकान आहे, कुणाची शिकवणी आहे, कुणी रंगकामाचा ठेका घेतो, कुणी पतसंस्थेचा सचिव आहे, कुणाच्या संस्थेचे वसतिगृह आहे. म्हणून हा विषय दोन्हीकडच्या वाचकांसाठी आहे. माणसाला कामावरून कमी करण्याची वेळ येते, ती काही पाप नव्हे. धंदा बसतो, काम संपते, कधी माणूस खरोखरच चुकतो. प्रश्न आहे तो कसे करायचे हा.

सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. काढून कसे टाकावे हे त्यात नाही. ती उणीव भरून काढण्याच्या कामी बाबासाहेबांचा हात लागला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. नोकरीच्या अटी मालकाने लिहून जाहीर कराव्यात, गैरवर्तन कशाला म्हणायचे ते आधी सांगावे, काढायचे तर नोटीस किती द्यायची ते ठरलेले असावे, आणि कामगाराला दाद मागायची वाट असावी, असा त्याचा गाभा. त्याआधी मालकाचा शब्द हाच कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विरघळला. मूळ केंद्रीय कायद्याला १०० कामगारांची अट होती, संहितेत ती ३०० झाली. हे आम्हांला मुळीच पटलेले नाही. पण तो वाद पुन्हा कधीतरी. स्थायी आदेश लागू नसले, तरी आरोप सांगून बाजू ऐकल्याशिवाय कुणाला शिक्षा करायची नाही, हे तत्त्व सात माणसांच्या शेडलाही चुकत नाही.

पुढच्या रविवारी तो मुलगा आला. यावेळी चहा घेतला. आम्ही त्याला आधी आपल्या शेजारच्याच शहरातला एक खटला सांगितला. तो इथेही सविस्तर सांगतो, कारण "कागद पक्के केले म्हणजे झाले" हा भ्रम त्याने पुरता उतरतो.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या एका खासगी प्राथमिक शाळेत एक शिक्षिका होत्या. शाळेची इमारत संस्थाचालकांच्याच घरच्या माणसाची. २००५ साली महापालिकेने त्या इमारतीला व्यापारी धरून जवळपास ८० हजार रुपयांचा कर आकारला. तेव्हा मुख्याध्यापिकेने, ज्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या, सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र दिले, की करासाठी प्रत्येकाने दरमहा १५०० रुपये द्यावेत. या बाईंनी नाही म्हटले. मग सुरू झाले मेमो. एक नाही, दोन नाही, २५ मेमो. बाईंनी प्रत्येकाला लेखी उत्तर दिले. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांना निलंबित केले. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी संस्थेने ते मागे घेतले नाही. चौकशी झाली आणि जून २००७ मध्ये बाईंची नोकरी गेली.

कागद पाहिले तर काय कमी होते? मेमो होते, निलंबनाचा आदेश होता, चौकशी होती, बडतर्फीचा आदेश होता. फाईल जाडजूड झाली असेल. बाई शाळा न्यायाधिकरणात गेल्या. जून २००९ मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली आणि मागचा पूर्ण पगार द्यायला सांगितले. कारवाई मनमानी होती, नैसर्गिक न्यायाला सोडून होती, आणि बाईंनी जुलमाला नाही म्हटल्याचा तो सूड होता, असे त्यात दिसून आले. संस्था उच्च न्यायालयात गेली. तिथे बडतर्फी बेकायदा हे कायम राहिले, पण मागचा पगार काढून घेतला गेला. बाई दिल्लीला गेल्या. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि न्यायमूर्ती व्ही. गोपाल गौडा यांनी न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा उभा केला. चार महिन्यांत पूर्ण पगार द्या, नाहीतर ९ टक्के व्याज द्या.

आम्ही कारकून माणूस. निकालपत्रात पुष्कळ कलमे असतात आणि ती वाचण्याची आम्हांला सवय आहे. पण या निकालपत्रातली एक जागा आम्ही दोनदा वाचली. नोकरी गेलेल्या माणसाचे एकट्याचेच नुकसान होत नाही, त्याचे सगळे घर संकटात पडते, मुलांचे सकस अन्न आणि शिक्षण जाते, नातेवाइकांपुढे उसने मागायला हात पसरावा लागतो, अशा अर्थाचे न्यायालयाने तिथे लिहिले आहे. देशातले सर्वांत मोठे न्यायालय जे लिहिते, ते आमच्या आईला मोंढ्यातल्या त्या डब्यावरूनच कळले होते.

मुलगा ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे पंचवीस मेमो देऊनही ते हरले?"

"पंचवीस मेमोंमुळेच हरले म्हण. माणूस आधी ठरवला आणि कारण नंतर शोधलं, हे तेच पंचवीस कागद सांगत होते."

मग आम्ही त्याला म्हणालो, मामांच्या बाबतीत आधी खरे कारण काय ते ठरव. चूक हे कारण असेल तर वाट वेगळी आणि काम उरले नाही हे कारण असेल तर वाट वेगळी. दोन्ही वाटांची सरमिसळ केली, की माणूस सापडतो.

चुकीची वाट अशी: काय घडले, कोणत्या तारखेला, कुणासमोर, हे आरोपपत्रात लिहून द्यायचे. उत्तराला वेळ द्यायचा. मग चौकशी. ती तक्रार करणाऱ्यानेच करायची नाही. कामगाराला साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे, आपला साक्षीदार आणू द्यायचा. त्यानंतर निर्णय, आणि तोही चुकीच्या मानाने. एका दिवसाच्या खाड्यासाठी सहा वर्षांची नोकरी घेणे न्यायाला धरून होत नाही. तीन वर्षे खिशात ठेवलेली चूक आज गरज पडली म्हणून बाहेर काढणेही होत नाही. पिऊन आले त्या दिवशी लेखी समज दिली असती तर आज बोलायला जागा होती. तू तेव्हा माफ केलेस, चांगले केलेस. आता तो विषय मिटला.

दुसरी वाट कामगारकपातीची. इथे कुणावर ठपका नसतो. पण पैसा लागतो. ज्या कामगाराची सलग एक वर्षाची नोकरी झाली, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरले, त्याला कमी करताना एक महिना आधी कारणासह लेखी नोटीस द्यावी लागते, किंवा नोटीसऐवजी महिन्याचा पगार. शिवाय दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडाही वर्ष धरायचा. ही भरपाई कमी करतानाच हातात द्यायची, पुढे बघू म्हणायचे नाही. शासनालाही कळवावे लागते. त्याची रीत कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावी. आणि राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. पूर्वी "दहा तारखेला ये, पंधराला ये" असे महिनोन्महिने खेटे घालायला लावायचे, ते आता कायद्यात बसत नाही.

आम्ही पेन घेतले. मामांची नोकरी सहा वर्षे आठ महिने, म्हणजे सात वर्षे धरायची. पगार १५ हजार. पंधरा दिवसांचे साडेसात हजार, सात वर्षांचे ५२ हजार ५००. नोटीस न देता काढायचे असेल तर आणखी १५ हजार, एकूण ६७ हजार ५००. दहा माणसे असती तर ग्रॅच्युइटीही आली असती.

"एवढे?" तो म्हणाला.

"शेडचे पत्रे घेतलेस तेव्हा दुकानदाराला एवढे का म्हणालास का?"

हे आम्ही जरा लागेल असे बोललो, हे खरे. पण त्याने ते मनावर घेतले नाही. उलट त्यानेच पुढचा प्रश्न काढला, जो आम्ही काढणारच होतो. शेडमध्ये वेल्डिंगला मामांच्या नंतर आलेली तीन पोरे आहेत. कायदा म्हणतो, एकाच प्रकारच्या कामात शेवटी आला तो साधारणपणे आधी जातो. तो क्रम मोडायचा तर कारण लिहून ठेवावे लागते. मग सर्वांत जुन्या माणसाला कोणत्या कारणाने काढायचे? नजर कमी झाली हे कारण आहे, पण ते म्हणणार कोण? मालक की डॉक्टर?

म्हणून आधी मामांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे ठरले. मालकाने स्वतः मोटारसायकलवर बसवून नेले. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला, त्याची शस्त्रक्रिया होण्यासारखी होती. दुसऱ्या डोळ्याची नजर परत येण्यासारखी नव्हती, आणि यापुढे वेल्डिंग करू नका असे डॉक्टरांनी लिहून दिले. शेडमध्ये काळी काच किती दिवस फुटलेली होती, हा प्रश्न आम्ही मुलाला विचारला. त्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चार नव्या काचा आणल्या असे कळले. पोरांसाठी.

मग मामांना दुसरे काम देऊन पाहिले. मापे घेणे, मालाची नोंद करणे, पगार थोडा कमी. मामा एक दिवस विचार करून म्हणाले, "ज्या शेडमध्ये मी हातात होल्डर धरला, तिथं वही घेऊन नाही फिरणार. मला मोकळं करा, पण नीट करा." माणसाला कोणते काम मानाचे वाटते हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही. आम्हांला ते वहीचे काम चांगले वाटले होते, कारण आम्ही जन्मभर तेच केले.

आता सांगायचे कसे, याबद्दल. कायद्याच्या पुस्तकात हा भाग नसतो, आणि भांडणे मात्र बहुतेक इथेच पेटतात. आमच्या पाहण्यात जी प्रकरणे कामगार कार्यालयात गेली, त्यांतली निम्मी पैशापेक्षा अपमानाने गेली. चार माणसांत सांगितले म्हणून, मुकादमाकरवी सांगितले म्हणून, फोनवर दोन ओळी टाकल्या म्हणून. एका बाईंना त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईकडून कळले, की आपली नोकरी गेली.

तेव्हा ज्याने कामावर घेतले त्यानेच सांगावे. दोघांनी बसून बोलावे, एक उभा आणि एक खुर्चीत असे नको. फार गोल गोल बोलू नये. अर्धा तास पावसापाण्याच्या गप्पा मारून शेवटी पाकीट पुढे करणे हे समोरच्याला जास्त लागते. खरे कारण दोन वाक्यांत सांगावे आणि मग गप्प बसून ऐकावे. समोरचा चिडला तर चिडू द्यावे, त्या क्षणी हिशेबावर वाद घालू नये. सणाच्या तोंडावर, घरात लग्न असताना, मुलाच्या परीक्षेच्या दिवशी हे काम काढू नये. १४ एप्रिलला आठ दिवस उरलेले असताना कामगाराच्या हातात नोटीस देणारा आपलाच एक ठेकेदार आम्हांला माहीत आहे. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे तोच होता. आणि विहारात, लग्नात, चहाच्या टपरीवर मागून त्या माणसाविषयी बोलू नये. आपल्या वस्त्या लहान असतात. शेडमधले भांडण दुसऱ्या दिवशी नळावर पोचते आणि बायकांना तोंड द्यावे लागते.

कागद मराठीत असावा. कामगाराला वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासाच्या माणसासमोर वाचून दाखवावा. नमुना असा:

"आपण दिनांक ___ पासून आमच्याकडे वेल्डर म्हणून काम करीत आहात. कामाचे प्रमाण कमी झाल्यामुळे, तसेच डॉक्टरांनी आपणास वेल्डिंगचे काम न करण्याचा सल्ला दिल्यामुळे व देऊ केलेले पर्यायी काम आपण न स्वीकारल्यामुळे, दिनांक ___ पासून आपली सेवा संपुष्टात येईल. ही एक महिन्याची नोटीस आहे. आपल्या कामाविषयी अगर वर्तनाविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. सोबत आपल्या हिशेबाचा तक्ता जोडला आहे. भरपाईची रक्कम सेवेच्या अखेरच्या दिवशी आपल्या बँक खात्यात जमा करण्यात येईल."

"तक्रार नाही" हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. खरे असेल तर मात्र जरूर लिहावे, कारण हाच कागद घेऊन तो माणूस दुसऱ्या दारात उभा राहणार असतो. अनुभवाचा दाखला न मागता द्यावा. फंड कापला जात असेल तर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवून द्यावी, त्यावाचून त्याचे पैसे अडकतात. उचल दिली असेल तर तिचा हिशेब तक्त्यात दाखवावा, तोंडी वळती करू नये. आणि वर्षभरात पुन्हा त्याच कामाला माणूस घ्यायची वेळ आली, तर आधी कमी केलेल्याला विचारावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला या काळात काढता येत नाही, नोटीस देऊनही नाही. शिवणकामाच्या दुकानांतून आणि खासगी शाळांतून हे सर्रास चालते. "आता तुला जमणार नाही, घरीच राहा," असे प्रेमाने सांगून काढतात. प्रेमाने सांगितले म्हणून ते कायदेशीर होत नाही.

आता फाटकाच्या बाहेर उभ्या असलेल्या वाचकांसाठी थोडे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत आपली आणि परप्रांतांतून आलेली शेकडो माणसे ठेकेदाराच्या नावावर राबतात. तिथे नोटीस वगैरे काही नसते, मुकादम म्हणतो "उद्या येऊ नको" आणि झाले. अशा वेळी भांडून घरी बसू नये. हजेरीचे कार्ड, गेटपास, बँकेचे पासबुक, पगाराच्या नोंदी, फोनमधले निरोप, जे असेल ते जपावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये, उचल घेतानाही नाही. पैसे घ्यावे लागले तर पावतीवर "हरकत राखून स्वीकारले" असे लिहावे. दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज करावा, की मला तोंडी काढले आहे, मी कामावर यायला तयार आहे. त्याची पोच ठेवावी, कारण "तोच यायचा बंद झाला" हे मालकाचे ठरलेले उत्तर असते. मग कामगार अधिकाऱ्यांकडे जावे. दाद मागायला आता दोन वर्षांची मुदत आहे, पूर्वी ती तीन वर्षांची होती. आणि वर सांगितलेल्या औरंगाबादच्या निकालाचा एक उपयोग ध्यानात ठेवावा: बेकायदा काढले असेल आणि आपण दुसरीकडे तशी कमाई करीत नव्हतो असे कामगाराने सांगितले, तर तो कमावत होता हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते.

मामांचा कागद आम्ही लिहून दिला. मुलाकडे एकदम पैसे नव्हते, म्हणून त्याने नोटीस दोन महिने पुढे ढकलली आणि दर आठवड्याला थोडे बाजूला काढत गेला. मामांनी शस्त्रक्रिया करून घेतली. कागद द्यायच्या दिवशी दोघेही आमच्याच घरी आले, कारण शेडमध्ये पोरांसमोर नको आणि मामांच्या घरी नातवंडांसमोर नको.

मामांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. मग बोट ठेवून म्हणाले, "इथं माझ्या बापाचं नाव चुकलंय."

चूक आमची होती. मुलाने हजेरीच्या वहीतून नाव उतरवून दिले होते, आणि वहीत सहा वर्षे आठ महिने ते तसेच चुकीचे लिहिलेले होते. आम्ही म्हणालो, पेनाने दुरुस्त करून देतो. मामा म्हणाले, "नको. खाडाखोड नको. पुन्हा लिहा."

आम्ही पुन्हा लिहिला. लिहून होईपर्यंत मुलगा आत जाऊन चहाचे सांगून आला. मामांनी सही केली, एक प्रत घडी करून खिशात ठेवली, आणि मुलाला विचारले, "त्या दवाखान्याच्या ग्रिलचं काय झालं? खालचा पट्टा जाड घे, नाहीतर वाकेल."